खडकावरची थोटकं

१

सकाळी जाळं काढायला गेलेल्या बहिरूला सुनील वाळंजाची होडी धरणाच्या पाण्यावर एकटीच हेलकावे घेताना दिसली. त्यानं दोनदा हाळी दिली. उत्तर आलं नाही तसा तो जवळ गेला आणि आत डोकावला. वल्हं आडवं पडलेलं, तळाशी बोटभर पाणी, आणि माणसाचा पत्ता नाही. तो घाईनं काठाला आला, तर तिथल्या सपाट खडकावर सुनीलच्या चपला नीट जोडीनं काढून ठेवलेल्या. शेजारी काडेपेटी, सिगारेटचं पाकीट आणि पाच-सहा थोटकं.

हवालदार अलाउद्दीन मुलाणी पौडहून मोटारसायकलवर पोचला तोवर सगळी वाडी काठावर उतरली होती. अलाउद्दीनची नोकरी आता संपत आलेली. ह्या काठाची माणसं तो नावानिशी ओळखायचा, आणि सुनीलला तर जरा जास्तच. पावसाळ्यात पलीकडच्या वाडीवरून अडलेल्या बाळंतिणीला आणायचं झालं, की सगळ्यात आधी फोन सुनीलला जायचा. वारं असो, लाटा असोत, तो होडी सोडायचा. असा माणूस ओसरत्या पाण्यात, वाऱ्याची झुळूकही नसताना बुडाला, हे अलाउद्दीनच्या गळी उतरेना.

पट्टीचे पोहणारे उतरले, गळ टाकून झाले. काही लागलं नाही. ठाण्यातले साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "पाय घसरला असेल. दोन-तीन दिवसांत वर येईल."

दुपारी सुनीलची मुलगी पल्लवी हिंजवडीहून आली. एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा आत्यानं, साळूबाईनं तिला वाढवलेलं. आता पल्लवी तिकडं नोकरीला होती, दिवाळीपासून तिचं घरी येणं झालं नव्हतं, आणि येत्या रविवारी तिच्या लग्नाची बोलणी व्हायची होती. ती सरळ खडकाजवळ जाऊन बसली आणि बराच वेळ त्या थोटकांकडं बघत राहिली.

"हवालदारकाका, ही आप्पांची नाहीत."

"चपला तर त्याच्याच हायेत ना पोरी?"

"चपला त्यांच्या. सिगारेट नाही." तिनं थोटकांकडं बोट दाखवलं. "मला लहानपणी दमा होता. आप्पा एकीला एक लावून ओढायचे. एकदा मला दवाखान्यात ठेवलं, तोंडाला मास्क लावला. बारा वर्षांची असेन. मी मास्क काढून म्हटलं, आप्पा, पाहिजे तर तंबाखू खा, तिला धूर नसतो. पण सिगारेट ओढलीत तर माझं मेलेलं तोंड बघाल. तिथंच माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. त्या दिवसापासून तंबाखू मळायची, चुना लावायचा आणि डाव्या गालात धरायची. मी पहिल्या पगारात त्यांना पितळी डबी आणली. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. ती त्यांच्या खिशातून हलत नाही. कुठाय ती?"

खडकावर डबी नव्हती. होडीतही नव्हती.

"इथं दुसरं कुणीतरी होतं, काका."

अलाउद्दीननं पाकीट उचललं. लांब, सोनेरी पट्ट्याचं, महागातलं. वाडीतल्या दुकानात असला माल कुणी ठेवत नव्हतं. त्यानं मान वर केली. वरच्या रस्त्यावर एक तरुण नुकताच मोटारसायकलवरून उतरला होता. भूगावचा सूरज शेडगे. पल्लवीचं लग्न ठरायचं होतं ते त्याच्याशीच. तो सिगारेट शिलगावत होता, आणि त्याच्या हातातल्या पाकिटावर सोनेरी पट्टा होता.

२

सूरज भूगावच्या एका इमारतीच्या साइटवर सुपरवायझर होता. अंगानं दणकट. तो बाभळीला टेकून उभा होता.

"काल इथं आला होतास?" अलाउद्दीननं विचारलं.

"आलो होतो. दुपारी. रविवारचं बोलायला."

"काय बोलणं झालं?"

"साधंच. किती माणसं येणार वगैरे."

पाठीमागं उभा असलेला बहिरू खाकरला. "साधं न्हाई, हवालदार. भांडान झालं. सुनीलनं ह्याची गचांडी धरली हुती. म्या माझ्या होडीतनं बगितलं. शब्द काय ऐकू आलं न्हाईत, पन सुनील येवडा खवळलेला म्या जल्मात बगितला नव्हता."

"आणि तुझं त्याच्याशी जाळ्यावरून वैर होतं म्हणतात," अलाउद्दीन बहिरूकडं वळला.

"हुतं की. त्येनं माझ्या जागंला जाळं लावलं, म्या त्येचं फाडलं. मंग त्येनंच बसून ते शिवलं, माझं बी शिवलं. असल्या मान्साला कोन मारंल?" बहिरूनं डोळ्याला हात लावला.

अलाउद्दीन पुन्हा सूरजकडं बघत राहिला. बघता बघता त्या पोराचा धीर सुटला.

"खरं सांगतो. मी त्यांच्यासमोर सिगारेट काढली. त्यांना म्हटलं, घ्या. तर ते उठले, माझी कॉलर धरली. म्हणाले, ही पण सोड आणि तंबाखू पण धरू नकोस, न्हाईतर माझी पोर तुला देणार न्हाई. पाकीट ओढून घेतलं हातातनं. मी घाबरून निघून गेलो. हे सांगितलं असतं तर तुम्ही काय समजला असता, म्हणून बोललो नाही. आत्ताचं पाकीट येताना नवीन घेतलं."

"तुझं पाकीट त्यांनी घेतलं," पल्लवी सावकाश म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं. "आणि मग ते नाहीसे झाले, आणि खडकावर तुझ्या सिगारेटी राहिल्या. असंच ना?"

"पल्लवी, आईशपथ..."

"तू आप्पांना काय केलंस?"

अलाउद्दीननं साहेबांना फोन लावला. पलीकडून साहेब म्हणाले, "उद्या त्या पोराला ठाण्यात घेऊन या. सरळ आहे सगळं."

अलाउद्दीनला काही ते सरळ वाटत नव्हतं. तंबाखू पण धरू नकोस. स्वतः दिवसभर गालात तंबाखू धरणारा माणूस जावयाला असं का सांगेल?

३

वाडीत दुकान एकच, शहनवाज शेखचं. मीठमिरचीपासून गळाच्या दोरीपर्यंत सगळं तिथं मिळायचं. पल्लवी अलाउद्दीनच्या मागोमाग आली. आता ती सूरजकडं वळूनही बघत नव्हती.

"सुनील तंबाखू तुझ्याकडनंच न्यायचा ना?"

शहनवाजनं पल्लवीकडं पाहिलं आणि तागडी उगाच सारखी केली. "न्यायचा. दिवाळीनंतर बंद झाला."

"म्हणजे?"

"तंबाखू सोडली त्यानं. आन..." त्यानं तागडी खाली ठेवली. "पोरी, तुझ्यासमोर सांगायचं जिवावर येतंय. सुनीलभाऊ सिगारेट न्यायला लागला हुता. रोज. साधीच, माझ्याकडं जी असती ती. चार मान्सं बसलेली असली की मुद्दाम मोठ्यानं मागायचा."

पल्लवीनं दुकानाची फळी धरली.

"तुझ्यासमोर कधी ओढली?" अलाउद्दीननं विचारलं.

शहनवाज विचारात पडला. "न्हाई. म्या काडी पुढं केली तर म्हनायचा, घरी जाऊन ओढीन. एकदा पन न्हाई."

दुकानातून बाहेर पडल्यावर अलाउद्दीनला वाटलं, पोरगी आता कोसळेल. इतक्या वर्षांचा विश्वास त्या फळीपाशी उभ्या उभ्या मोडला होता. पण पल्लवी रस्त्याच्या कडेला थांबली आणि म्हणाली, "शहनवाजमामू खोटं बोलणारे नाहीत."

"न्हाई बोलणार."

"आणि आप्पांनी सिगारेट ओढलेली नाही. हेही खोटं नाही. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलले होते, काका. तुम्ही दोन्ही खरं धरून बघा."

अलाउद्दीननं तिला घरी जाऊन आत्याजवळ बस म्हणून सांगितलं, पण ती पुन्हा पाण्याकडंच गेली. तो तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिला. दोन्ही खरं. सिगारेट रोज विकत घेतली. सिगारेट कधीच ओढली नाही. मग तिचं केलं काय?

४

सुनीलचं घर उतारावर, पत्र्याचं. साळूबाई ओट्यावर बसली होती. विधवा होऊन माहेरी आलेली, भावाच्याच घरात केस पिकलेले. डोळे रडून सुजले होते, पण अलाउद्दीनला बघताच तिनं पदर सावरला तो जरा घाबरल्यासारखा.

"काल रात्री सुनील काय जेवला?"

"रस्सा. कोंबडीचा. चांगला वरपून खाल्ला, भाऊ."

अलाउद्दीननं मान डोलावली आणि घराभोवती एक फेरी मारली. मागच्या भिंतीला सुनीलचं जाळं वाळत घातलेलं होतं, कोरडं ठणठणीत. जाळं घरी ठेवून माणूस होडी घेऊन पाण्यात कशाला जाईल? आत खुंटीवर घोंगडी नव्हती. पावसाळा असो की हिवाळा, ती खुंटी अलाउद्दीननं कधी रिकामी पाहिली नव्हती.

"घोंगडी कुटंय?"

"धुवायला घेतलीया," साळूबाई म्हणाली. दोरीवर मात्र नुसती दोन लुगडी होती.

उंबऱ्याशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, तेलाच्या जुन्या डब्याची कापलेली पेटी ठेवली होती. ती थोटकांनी भरलेली. अलाउद्दीन उकिडवा बसला. तरुणपणी तोही ओढायचा, म्हणून त्यानं एक थोटूक उचलून बोटांत फिरवलं. ओढलेली सिगारेट ओठात दबते, ओलसर होते, आणि तिच्या टोकाचा कापूस धुरानं पिवळा-तपकिरी पडतो. त्यानं नखानं कापूस चिरला. आतून पांढरा. दुसरं चिरलं. पांढरं. तिसरंही तसंच. एकावरही दाताची खूण नाही, एकही दबलेलं नाही.

तो तसाच उठून पुन्हा काठावर गेला. जपून ठेवलेली खडकावरची थोटकं त्यानं कागदावर पसरली. सोनेरी पट्ट्याच्या त्या महागड्या सिगारेटीही तशाच होत्या. आणि ज्या खडकावरून त्या उचलल्या होत्या, तिथं राखेच्या लांबच लांब कांड्या अजून न मोडता पडलेल्या. उदबत्ती लावून ठेवली की पडते तशी राख.

सूरजनं त्या ओढल्या नव्हत्या, आणि सुनीलनंही नाही. दुसऱ्या कुणीच त्या ओढल्या नव्हत्या. कुणीतरी त्या पेटवून नुसत्या जळू दिल्या होत्या.

बहिरू होडी बांधत होता. अलाउद्दीननं त्याला सहज विचारलं, "सुनील तिखट किती खायचा रे?"

"पयला लई. आता कवाच न्हाई. दिवाळीपास्नं माझ्या घरचं कालवन त्येनं परत धाडलं. च्या पन गार करून प्यायचा, त्वांड वाकडं करून. आन सदा तोंडाला टावेल गुंडाळल्याला, थंडी वाजती म्हनायचा."

म्हणजे कोंबडीचा रस्सा खोटा होता. साळूबाई खोटं बोलली होती. प्रश्न एवढाच उरला, की भावाच्या मरणाबद्दल ती खोटं बोलत होती, की त्याच्या जगण्याबद्दल.

५

संध्याकाळी घरी बायकोनं, जैनबबीनं ताट वाढलं, पण अलाउद्दीनचा घास तोंडापर्यंत जाईना. जेवण होताच जैनबबी नेहमीसारखी चुलीशी बसून भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना चोळू लागली. तो तिच्याकडं नुसता बघत राहिला.

"असं काय बघताय?" ती म्हणाली. "सोडनार हाय मी. परवा सरकारी दवाखान्यात शिबिर झालं तवा डॉक्टरीनबाईनं लई झापलं. तीन बोटं उभी करून तोंडात घालायला लावली. जातात का बघा म्हनं. तंबाखूवाल्याचं त्वांड हळूहळू मिटत जातं. उघडंना झालं, पांढरा डाग दिसला, की समजायचं धोका हाय. माझी गेली बाई तिन्ही."

"साळूबाई वाळंज आली होती का तिथं?"

"आलीवती की. तिची तर झ्याक गेली. पन तिनं बाईला इचारलं, ‘ज्याचं एकच बोट कसंबसं जातं, त्याचं काय?’ बाई म्हनल्या, त्या मान्साला आत्ताच्या आत्ता घिऊन या. तर ही गप उठून गेली."

अलाउद्दीननं हात धुतला.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि सूरजला ठाण्यात नेण्याची वेळ होण्याआधीच, उजाडता उजाडता तो साळूबाईच्या दारात उभा होता. पल्लवी रात्रभर काठावरच बसून होती. घरात मात्र जात्याची घरघर चालू होती. सुतकाच्या घरात कुणी दळत नाही. त्यानं डोकावून पाहिलं. साळूबाई मोड आणून वाळवलेली नाचणी दळत होती आणि पीठ फडक्यातून वस्त्रगाळ करत होती. लहान लेकराला किंवा आजाऱ्याला पाजायचं सत्त्व.

"घरात लेकरू न्हाई," अलाउद्दीन उंबऱ्यात बसत म्हणाला. "तुझे दात शाबूत हायेत. पल्लवीला तर नाचणी लहानपणापासून आवडत न्हाई. हे कुणासाठी, साळूबाई?"

जातं थांबलं.

"घोंगडी त्याच्या अंगावर हाय ना?"

साळूबाईनं पिठाचे हात तोंडावर घेतले आणि तिला हुंदका आवरेना. "माझ्या गळ्याची आन घातली त्येनं. म्हनला, कुनाला सांगशील तर खरंच पान्यात जाईन."

"तुझ्या न सांगण्यानं एक बिनगुन्ह्याचं पोर आज आत जाईल. कुटंय तो?"

"ताम्हिनीला," ती कशीबशी म्हणाली. "कोंडाजीकडं."

६

कोंडाजी सुनीलचा बालमित्र. पूर्वी दोघं एकाच होडीत असायचे. आता तो ताम्हिणीच्या खालच्या अंगाला एका धनगरवाड्याजवळ भाताचा तुकडा करून राहत होता. अलाउद्दीनला येताना पाहून त्यानं काही विचारलं नाही, नुसतं झोपडीच्या मागं बोट केलं.

सुनील घोंगडी पांघरून उन्हात बसला होता. टॉवेल सुटलेला. डाव्या गालाची सूज डोळ्यापर्यंत चढली होती, आणि जवळ गेल्यावर वास येत होता. त्यानं लगबगीनं टॉवेल वर ओढला.

"तुमीच येनार, ठाव हुतं," तो दातांच्या फटीतून बोलला. एकेक शब्द त्याला ओढून काढावा लागत होता.

अलाउद्दीन त्याच्याशेजारी मातीत बसला.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आदी. पांडरा डाग हुता. मंग गाठ आली. पुन्याला दावलं. डागदर म्हनला, काय खाता? म्या म्हनलं तंबाखू. त्यो म्हनला, जिथं धरता तिथंच झालंय."

"पल्लवीला का सांगितलं नाहीस? तेव्हाच सांगतास तर काही करता आलं असतं."

"काय सांगू?" सुनीलच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू म्हनलीस तंबाखू खा, म्हून खाल्ली, आन तिनंच खाल्लं मला, असं सांगू? ती लेकरू हुती वो. तिला दम लागला हुता. माझा धूर बंद व्हावा म्हून बोलली ती. ह्ये कळलं तर जल्मभर जळंल ती पोर."

"म्हणून सिगारेटी."

सुनीलनं मान हलवली. "गावानं बगावं, सुनील परत ओढाया लागला. उद्या रोग भाईर पडला तर समद्यांनी म्हनावं, सिगारेटीनं झालं. तिनं पन म्हनावं, बापानं शपत मोडली, भोगतोय. माझ्यावर रागवावं तिनं. रागावली की सावरती ती, लहानपनापास्नं तशीच हाय. डबी पन पान्यात टाकली, तिच्या नदरंला पडाया नको."

"मग खरंच ओढायच्या होत्यास. नुसत्या जाळत कशाला बसलास?"

सुनीलनं त्याच्याकडं असं पाहिलं, की हवालदाराला एवढंही कळू नये.

"शपत हुती की."

अलाउद्दीननं तोंड फिरवलं. समोरच्या डोंगरावर कुणीतरी गुरं हाकत होतं, त्यांच्याकडं तो उगाच बघत राहिला.

"आणि होडी?" त्यानं शेवटी विचारलं.

"रईवारी ती दोगं येनार. किती टावेल गुंडाळनार? जेवाया बसलो तर घास जात न्हाई. म्हनलं, बुडालो तर एकदाच रडंल. असं रोज बगून रडन्यापरीस बरं. होडी ढकलून दिली आन रातोरात हिकडं आलो."

"सूरजचं पाकीट तू खडकावर ठेवलंस. त्याला आज ठाण्यात नेणार हायेत, तुझ्या खुनासाठी. पल्लवी त्याचं तोंड बघत नाही."

सुनील उठायचा प्रयत्न करू लागला. त्याचे हात जमिनीवर चाचपडले. "न्हाई... न्हाई वो... त्ये पाकीट म्या रागानं घेतलं. त्यानं तसलं काय धरू नये म्हून. हाताशी तेच हुतं म्हून तेच जाळलं. ध्येनातच आलं न्हाई." त्याला धाप लागली. जरा वेळानं, पोरासारखा चेहरा करून त्यानं विचारलं, "तिनं इस्वास ठिवला न्हाई व्हय त्या सिगारेटींवर?"

"न्हाई. बघताक्षणी म्हणाली, ही आप्पांची नव्हेत. तू येवढं सगळं रचलंस सुनील, पण तिचा तुझ्यावरचा विश्वास तेवढा हिशोबात धरायचा विसरलास. तिनं तुझं खोटं मानलं असतं, तर मी इथवर आलोच नसतो."

सुनीलनं घोंगडीत डोकं घातलं. त्याचे खांदे हलत होते. आवाज मात्र येत नव्हता, कारण तोंड उघडत नव्हतं.

"आता काय सांगनार तिला?" डोकं वर काढून त्यानं विचारलं.

"तू हायेस, हे सांगणार. बाकी तू सांग."

७

फोनवर अलाउद्दीननं पल्लवीला दोनच गोष्टी सांगितल्या. आप्पा जिवंत हायेत, आणि लई आजारी हायेत. तोवर ठाण्यात नेलेल्या सूरजला ताबडतोब सोडायला लावलं, आणि सूरजच तिला मोटारसायकलवर बसवून ताम्हिणीला घेऊन आला. वाटेत ती काय बोलली, त्यानं काय ऐकलं, ते त्या दोघांनाच ठाऊक. उतरताना तिनं त्याचा हात धरला होता, एवढं अलाउद्दीननं पाहिलं.

ती येतेय असं कळताच सुनील भिंतीकडं तोंड करून बसला. पल्लवी त्याच्या पाठीमागं येऊन बसली. तिनं त्याला वळवायचा प्रयत्न केला नाही. नुसतं पाठीवर डोकं टेकवलं.

"आप्पा."

"म्या चोरून ओढत हुतो," सुनील भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला. "तुझी शपत मोडली म्या. सिगारेटीनं झालं ह्ये. दुसरं काय न्हाई."

पल्लवीनं मान वर केली आणि अलाउद्दीनकडं पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता. अलाउद्दीननं आयुष्यभर माणसांना प्रश्न विचारले होते, पण त्या दिवशी एका पोरीच्या डोळ्याला डोळा देणं त्याला जमलं नाही. तो खाली बघत राहिला. पल्लवीला जे कळायचं ते तेवढ्यावरून कळलं असावं. तिनं ओठ घट्ट मिटले, श्वास घेतला.

"असं काय केलंत, आप्पा?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखरच रागावलेल्या पोरीचा होता. "मी लई रागावलेय तुमच्यावर. माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलला होतात. मी कधी विसरणार नाही हे."

सुनीलची पाठ सैल पडली. खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तशी. मग तो हळूच वळला, आणि तिनं त्याच्या तोंडावरचा टॉवेल आपल्या हातानं बाजूला केला.

त्याला पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय. नळीनं पेज घालायला शिकवलं, दुखण्याची औषधं दिली आणि घरी पाठवलं. वैशाखात पल्लवीचं लग्न घराच्या अंगणातच झालं. अक्षता टाकायला बहिरूनं त्याला उचलून बाहेर आणलं होतं. त्यानंतर महिनाभरानं, भर दुपारी, साळूबाई पाणी आणायला उठली तेवढ्यात सुनील गेला.

तेराव्याला अलाउद्दीन आणि जैनबबी वाडीत गेले. मांडवाच्या एका कडेला पल्लवी त्याच्याजवळ येऊन बसली.

"डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काका," ती म्हणाली. "तंबाखू जिथं धरायचे, अगदी तिथंच झालं होतं. पण आप्पांना शेवटपर्यंत वाटलं, मला माहीत नाही. रोज एकदा तरी मी त्यांच्यावर रागवायचे. सिगारेटवरून. त्यांना बरं वाटायचं."

अलाउद्दीननं पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला. तिनं तो बाजूला ठेवला.

"एक विचारू? मी त्या दिवशी तंबाखू म्हटलं नसतं, तर आप्पा असते का?"

त्याला नाही म्हणता आलं असतं. हो म्हणणं तर शक्यच नव्हतं. पण ह्या पोरीशी खोटं बोलायचं काम तिच्या बापानं पुरतं करून ठेवलं होतं.

"मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "सिगारेटीनं त्याचं काय केलं असतं, ते पण म्हाईत न्हाई. पण तू बारा वर्षांची होतीस, आणि तुला श्वास पुरत नव्हता. तू श्वास मागितलास, त्यानं दिला. दोन्ही सोड म्हणून सांगायला गावभर मोठी माणसं होती, पल्लवी. मी होतो. ते लेकराचं काम नव्हतं."

पल्लवीनं मान हलवली. पटलं म्हणून, की नुसतं ऐकलं म्हणून, ते अलाउद्दीनला कळलं नाही. आतून साळूबाईनं हाक मारली, पंगत बसली होती. पल्लवीनं पदरानं डोळे पुसले आणि भाताचं पातेलं उचलून ती वाढायला गेली.